वाचक विचारतात: ऑनलाइन फॉर्म सगळ्यांना भरता यावा म्हणून

ऑनलाइन फॉर्म भरताना किंवा बनवताना कुठे अडतं ते कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. नागपूर आणि आसपासच्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ज्या संस्थांविरुद्ध तक्रारी होत्या त्यांची नावं गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या कोचिंग क्लासचा प्रवेश फॉर्म ओळखीच्याच एका पोट्ट्यानं बनवून दिला. दिसायला झकास आहे. पण एका दृष्टिहीन विद्यार्थ्यानं कळवलं की त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक रकान्याला नुसतं 'एडिट, ब्लँक' ऐकू येतं. आम्ही तर प्रत्येक रकान्याशेजारी ठळक अक्षरात नाव दिलं आहे! — नंदनवन

उत्तर: नाव शेजारी आहे, पण रकान्याला जोडलेलं नाही. डोळ्यांना जवळीक दिसते म्हणून आपण अर्थ लावतो. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मात्र पानावरच्या जागा कळत नाहीत, त्याला कोडमधलं नातं लागतं. हे नातं जोडायचं साधन एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. रकान्याचं नाव 'लेबल' या टॅगमध्ये लिहायचं, रकान्याला एक 'आयडी' द्यायचा आणि तोच आयडी लेबलच्या 'फॉर'मध्ये टाकायचा. प्रत्येक रकान्याचा आयडी वेगळा हवा. एक रकाना कॉपी करून दहा वेळा चिकटवला आणि आयडी बदलायचा राहिला, तर दहाही लेबलं पहिल्याच रकान्याला चिकटतात. ही चूक फार दिसते.

तपासायला स्क्रीन रीडरही लागत नाही. 'वडिलांचं नाव' या शब्दांवर माऊसनं क्लिक करा. कर्सर रकान्यात जाऊन लुकलुकू लागला तर जोड बसली आहे. काहीच झालं नाही तर नाही. टिकमार्कच्या चौकटीचं तसंच आहे: शेजारच्या वाक्यावर क्लिक केल्यावर खूण पडली पाहिजे. हात थरथरणाऱ्या माणसाला त्या इवल्याशा चौकटीऐवजी अख्खं वाक्य दाबता येतं, हा वरचा फायदा.

'पुरुष / स्त्री / इतर' किंवा 'माध्यम: मराठी / हिंदी / इंग्रजी' अशा गटांना आणखी एक गोष्ट लागते. प्रत्येक पर्यायाला लेबल असलं तरी प्रश्न कुठला, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी सगळा गट 'फील्डसेट'मध्ये घालून प्रश्न 'लेजंड'मध्ये लिहावा.

रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहितात त्या 'प्लेसहोल्डर'वर भिस्त ठेवू नका. पहिलं अक्षर टाइप केलं की तो गायब होतो आणि मध्येच फोन आला तर परतल्यावर काय लिहीत होतो तेच आठवत नाही. शिवाय काही जण तो मजकूर आधीच भरलेला समजून रकाना तसाच सोडतात.

आणखी दोन गोष्टी मराठी फॉर्मच्या. पानाच्या सुरुवातीला भाषेची खूण असते, तिथे बहुतेक तयार टेम्प्लेटमध्ये 'ईएन' लिहिलेलं असतं. ते 'एमआर' करा. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला जातो आणि तुटक काहीतरी बोलतो. दुसरं म्हणजे सूचना कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर त्या डोळ्यांनाच मराठी दिसतात. आत रोमन अक्षरांचा कचरा असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत हवं.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेच्या सभासद फॉर्ममध्ये मराठीत नाव लिहिलं की काही जणांना 'अवैध अक्षर' असा संदेश येतो, काहींचं नाव अर्धंच साठवलं जातं. वऱ्हाडपांडे आडनावाचे सभासद दोनदा येऊन गेले. मोबाइल क्रमांक मराठी आकड्यांत लिहिला तरी फॉर्म नाकारतो. — महाल

उत्तर: अपंगत्वाशी याचा संबंध नाही असं वाटेल, पण आहे. मराठीतून बोलून टाइप करणाऱ्याला, किंवा फोनवर फक्त मराठी कीबोर्ड येणाऱ्या आजीला, हा फॉर्म बंदच आहे.

आधी नाव. फॉर्म लिहिणाऱ्यानं 'अ ते ह' एवढीच अक्षरं चालतील असा नियम घातला असणार. त्या पल्ल्यात स्वर आणि व्यंजनं येतात, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त येत नाहीत. म्हणजे 'कमल' चालतं आणि 'कमला' अडकते. नियम पल्ल्यावर न बांधता युनिकोडच्या 'अक्षर' आणि 'चिन्ह' या दोन वर्गांवर बांधावा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत त्यासाठी पॅटर्नला 'यू' ही खूण जोडावी लागते. त्याशिवाय रिकामी जागा, टिंब आणि जोडरेघ चालू द्यावी.

'ऱ्ह'ची गोष्ट वेगळी. काही कीबोर्ड 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर देतात, काही 'र'खाली नुक्ता देतात, तर काही साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. तिन्ही पडद्यावर सारखी दिसतात. पहिल्या दोन रूपांना सर्व्हरवर युनिकोडच्याच 'एनएफसी' या पद्धतीनं एकसारखं करता येतं, तिसरं मात्र त्यानं बदलत नाही. म्हणून ते न दिसणारं जोडचिन्ह नियमात चालू ठेवा आणि नाव शोधताना दोन्ही रूपं जुळवून पाहा. नाहीतर सभासद यादीत असूनही सापडणार नाहीत.

अर्धवट साठवण्याचं कारण बाइट, म्हणजे साठवणुकीचं एकक. 'वऱ्हाडपांडे' या शब्दात डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये तीच अकरा चिन्हं होतात आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन याप्रमाणे ३३ बाइट लागतात. डेटाबेसमधला रकाना ३० बाइटचा असेल तर शेवटची मात्रा तुटते. पूर्ण नावासाठी मर्यादा चिन्हांत मोजा आणि ती किमान २०० ठेवा. जागा काही महाग नाही.

आकडे: जावास्क्रिप्टमधला 'आकडा' हा नियम फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) मानतो. सर्व्हरवर वापरतात त्या पायथन भाषेत तोच नियम देवनागरी आकडेही मानतो. त्यामुळे पान एक म्हणतं आणि सर्व्हर दुसरंच, असंही होतं. उपाय सोपा आहे: मिळालेला मजकूर तपासण्याआधी ० ते ९ चे इंग्रजी आकडे करून घ्या आणि मधल्या जागा, जोडरेघा काढून टाका. ९८२२० ००००० अशी फोड करून क्रमांक लिहायची लोकांना सवय असते. ती चूक नव्हे, साफ करायचं काम कॉम्प्युटरचं. मोबाइल किंवा पिन कोडसाठी 'नंबर' प्रकारचा रकाना वापरू नका. माऊसचं चाक चुकून फिरलं की आकडा एकनं बदलतो आणि कुणाला कळतही नाही. साधा मजकुराचा रकाना घ्या आणि 'इनपुटमोड'मध्ये 'न्यूमेरिक' लिहा, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो.

प्रश्न: आमचा संत्र्याच्या पेट्या घरपोच पाठवायचा व्यवसाय आहे. ऑर्डर फॉर्मचं बटण अर्थातच नारिंगी, त्यावर पांढरी अक्षरं. एका ग्राहकानं 'वाचता येत नाही' म्हटलं. नागपूरची ओळख सोडायची का? — धरमपेठ

उत्तर: नारिंगी ठेवा, अक्षरं काळी करा. नेहमीच्या गडद नारिंगीवर (लाल २५५, हिरवा १४०, निळा ०) पांढऱ्या अक्षरांचा उठाव साधारण २.३ ला १ इतकाच भरतो. डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शिकेप्रमाणे साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ ला १ हवा. त्याच नारिंगीवर काळी अक्षरं टाकली की तो ९ ला १ होतो. पांढरीच हवी असतील तर रंग विटकरीकडे न्यावा लागेल: लाल १८०, हिरवा ८३, निळा ९ घेतलं तर ५ ला १ मिळतं. आम्हाला विचाराल तर काळीच. मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडवर उभं राहून फोन बघणारा प्रत्येक जण तेवढ्यापुरता अंधुक दृष्टीचाच असतो.

रकान्याची कडसुद्धा पार्श्वभूमीपासून ३ ला १ इतकी उठून दिसायला हवी. आजकाल कड इतकी फिकट ठेवतात की रकाना कुठे सुरू होतो तेच कळत नाही. आणि चूक दाखवायला नुसती लाल कड पुरत नाही, लाल-हिरवा भेद न कळणाऱ्याला ती दिसत नाही. शब्दांत लिहा.

प्रश्न: सगळं बरोबर भरेपर्यंत आम्ही 'पाठवा' बटण राखाडी ठेवतो, म्हणजे चुकीचा फॉर्म येतच नाही. तरी 'बटण चालत नाही' असे फोन रोज येतात. लोक सूचना वाचत नाहीत, यावर काय करणार? — आयटी पार्क, गायत्रीनगर

उत्तर: लोक वाचतात हो, पण तुमचं बटण काहीच सांगत नाही. बंद केलेल्या बटणावर टॅब दाबत पोचता येत नाही. त्यामुळे कीबोर्ड वापरणाऱ्याच्या दृष्टीनं ते पानावर नाहीच. आणि दिसतं त्याला ते का बंद आहे हे कळत नाही. बटण सुरू ठेवा, दाबू द्या आणि मग काय राहिलं ते सांगा.

सांगायची पद्धत अशी. बटण दाबल्यावर चुका असतील तर फॉर्मच्या वर एक चौकट यावी: 'दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत'. खाली त्या दोन चुका, प्रत्येक चूक म्हणजे एक लिंक, दाबली की थेट त्या रकान्यात. चौकट आल्याबरोबर फोकस (कीबोर्ड पानावर जिथे आहे ती जागा) तिच्यावर न्यायचा. त्यासाठी तिला 'टॅबइंडेक्स' उणे एक द्यावा लागतो. हे केलं नाही तर स्क्रीन रीडरवाला बटणापाशीच बसून राहतो, त्याच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. मग तोच संदेश रकान्याजवळही लिहायचा, 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' या स्क्रीन रीडरसाठीच्या खुणेनं रकान्याला जोडायचा आणि 'एरिया-इनव्हॅलिड' 'ट्रू' करायचं. पानाच्या शीर्षकाआधी 'चूक:' हा शब्द आला तर आणखी चांगलं.

संदेशाचे शब्द: 'अवैध इनपुट' लिहून कुणाचं भलं होत नाही. 'पिन कोड सहा आकडी हवा, तुम्ही पाच आकडे लिहिले आहेत. उदा. ४४००१०' असं लिहा. भरलेलं सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे, फाइलसुद्धा. एका चुकीपायी तीस रकाने पुन्हा भरायला लावणारे फॉर्म अजून आहेत, आणि ते बनवणाऱ्यानं ते एकदा तरी दोन बोटांनी भरून पाहावेत.

एक सावधगिरी. टाइप करता करताच चूक दाखवू नका. ई-मेलचं पहिलं अक्षर लिहिताच 'ई-मेल चुकीचा आहे' असं ऐकवणं म्हणजे वाक्य पूर्ण होण्याआधी माणसाला टोकणं. रकान्यातून बाहेर पडल्यावर, किंवा सरळ शेवटी तपासा.

प्रश्न: मी ज्येष्ठ नागरिक, हाताला कंप आहे. जन्मतारखेसाठी कॅलेंडर उघडतं आणि मागे मागे जात बसावं लागतं. ओटीपीचे सहा छोटे चौकोन असतात. एसएमएस बघून येईपर्यंत वेळ संपतो आणि भरलेला फॉर्म पुसला जातो. यात चूक माझी की त्यांची? — त्रिमूर्तीनगर

उत्तर: त्यांची. एक महिना मागे जायला एक क्लिक धरली तर सत्तर वर्षांना ८४० क्लिक होतात. कॅलेंडर पुढच्या आठवड्यातली डॉक्टरांची वेळ घ्यायला ठीक आहे, जन्मतारखेला नाही. तिथे दिवस, महिना आणि वर्ष असे लिहायचे तीन साधे रकाने हवेत, 'उदा. २७ ३ १९५४' या नमुन्यासह. तुमच्यापुरता उपाय: काही कॅलेंडरांत वर दिसणाऱ्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते. ते करून पाहा.

फॉर्म बनवणाऱ्यांसाठी: ओटीपीला सहा नव्हे, एकच रकाना ठेवा. सहा चौकोनांत स्क्रीन रीडर सहा वेळा 'एडिट' म्हणतो, कर्सर आपोआप पुढे उडी मारतो आणि चुकलेला आकडा खोडायला गेलं की भलताच खोडला जातो. 'ऑटोकम्प्लीट'मध्ये 'वन-टाइम-कोड' लिहिलं की बऱ्याच फोनवर एसएमएसमधला आकडा कीबोर्डवरच सुचवला जातो, टाइप करायची गरज उरत नाही. पेस्ट बंद करू नका. त्यानं सुरक्षा वाढत नाही, कोड लक्षात ठेवता न येणारा माणूस मात्र बाहेर राहतो.

ओटीपीची मुदत असणं रास्त आहे. ती संपली म्हणून फॉर्म पुसणं रास्त नाही. पानाचीच वेळ संपणार असेल तर आधी इशारा द्यावा, निदान २० सेकंद मिळावेत आणि एका साध्या कृतीनं वेळ वाढवता यावी, तीही किमान दहा वेळा. हा नियम डब्ल्यूसीएजीच्या २००८ च्या आवृत्तीपासून आहे. बटणांचा आकार किमान २४ गुणिले २४ पिक्सेल असावा, हे २०२३ च्या २.२ आवृत्तीत आलं. कंप असलेल्या बोटांना ४४ गुणिले ४४ द्यावा, २४ म्हणजे अगदीच काटकसर.

प्रश्न: जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी यावी असं केलं आहे. माऊसनं छान चालतं. कीबोर्डनं मात्र 'नागपूर'पर्यंत पोचताच येत नाही म्हणतात. — कामठी

उत्तर: जिल्हा बदलला की तुम्ही पान पुन्हा लोड करत असाल. विंडोजवर बंद यादीत खालचा बाण दाबला की प्रत्येक दाबाला निवड बदलते. म्हणजे 'अकोला' आला रे आला की पान लोड होतं, फोकस वर जातो आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून. पान न हलवता फक्त तालुक्यांची यादी बदला, फोकस जिल्ह्यावरच राहू द्या आणि 'एरिया-लाइव्ह' (बदल झाला की स्क्रीन रीडरला बोलायला लावणारी खूण) असलेल्या जागेत 'नागपूर जिल्ह्यातले १४ तालुके' असं लिहा, म्हणजे ते बोललं जाईल. यादीसाठी ब्राउझरचा साधा 'सिलेक्ट' वापरा. सुंदर दिसावी म्हणून 'डिव्ह' या नुसत्या रिकाम्या चौकटीच्या टॅगमधून घडवलेली यादी बाण, एंटर, एस्केप आणि अक्षर दाबून शोधणं हे सगळं हातानं लिहायला लावते, आणि त्यातलं काहीतरी राहतंच.

प्रश्न: कॅप्चा (चित्रातली अक्षरं ओळखायला लावणारी 'यंत्र नाही ना' ही चाचणी) काढला तर बनावट अर्ज येतील. ठेवला तर अंध व्यक्ती अडतात. — सीताबर्डी

उत्तर: आवाजाचा पर्याय दिला तरी ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही तो राहतोच. छोट्या संस्थेच्या फॉर्मला सहसा लपवलेला सापळा-रकाना पुरतो. तो माणसाला दिसत नाही, यंत्र मात्र तो भरतं, आणि भरलेला अर्ज बाजूला काढायचा. तो 'डिस्प्ले: नन'नं लपवा, म्हणजे स्क्रीन रीडरलाही लागणार नाही, आणि त्याचं 'ऑटोकम्प्लीट' बंद करा. नाहीतर ब्राउझरच तो भरून ठेवतो आणि खरा माणूस बनावट ठरतो. जोडीला एकाच ठिकाणाहून तासाभरात किती अर्ज चालतील याची मर्यादा घाला.

प्रश्न: आमच्या मंडळाला खर्च परवडत नाही. गुगल फॉर्म चालेल का? की पीडीएफ टाकावी? — मानेवाडा

उत्तर: गुगल फॉर्म चालेल. लेबलं, कीबोर्ड, अनिवार्य रकाने ही कामं तो बऱ्यापैकी करतो. टाळायच्या गोष्टी: जाळीसारखे तक्त्याचे प्रश्न (फोनवर आडवे सरकवत बसावं लागतं), वर्णन न दिलेली चित्रं, आणि गरज नसताना फाइल मागणं, कारण फाइल द्यायची तर भरणाऱ्याला गुगल खात्यातून लॉगिन करावंच लागतं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे फोटो. ती वाचताही येत नाही, भरताही येत नाही.

प्रश्न: आम्ही खासगी संस्था. आम्हाला हे कायद्यानं बंधनकारक आहे का? — रामदासपेठ

उत्तर: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४६ मध्ये सुलभतेचे नियम सेवा देणारा 'सरकारी असो वा खासगी', दोघांनाही लागू आहेत असं स्पष्ट आहे. पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख रुपये दंड कलम ८९ मध्ये आहे. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शिका डब्ल्यूसीएजी २.१ च्या 'एए' या मधल्या पातळीवर बेतलेली आहे, खासगी संस्थेनंही तीच पातळी धरावी. ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग मानला. मुद्दा ई-केवायसीचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याचा होता. जिवंत माणूस आहे हे पटवायला पापण्या मिटा, असं यंत्र सांगतं, आणि ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ते करता येत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये चेहरा, बोटाचा ठसा किंवा पडद्यावर बोटानं सही मागत असाल, तर तेच काम करायचा दुसरा मार्ग तिथेच द्या. 'कार्यालयात या' हा मार्ग धरला जाणार नाही असं समजून चाला. तक्रार पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

प्रश्न: फॉर्म सोमवारी सुरू होणार आहे. तज्ज्ञ बोलवायला वेळ नाही. निदान काय तपासू? — हिंगणा

उत्तर: माऊस काढून ठेवा आणि टॅब, शिफ्ट-टॅब, बाण, स्पेस व एंटर एवढ्यांवर फॉर्म पाठवून दाखवा. आपण कुठे आहोत ते प्रत्येक पायरीला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) कुणीतरी 'आउटलाइन: नन' लिहिलं आहे, ते काढा. मग १२८० पिक्सेल रुंद खिडकीत कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबत ४०० टक्क्यांपर्यंत जा. सगळं एका स्तंभात यायला हवं, आडवं सरकवावं लागता कामा नये.

नंतर विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवा, फुकट आहे. 'एफ' दाबत गेलं की एकेक रकाना बोलतो, इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या घटकांची यादी येते. त्या यादीत बिननावाचा रकाना लगेच उठून दिसतो. बंद करायला इन्सर्ट आणि क्यू.

अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा फोनमधलाच स्क्रीन रीडर सुरू करून तोच फॉर्म पुन्हा भरा. त्यात एकदा स्पर्श केला की घटक बोलतो आणि दोनदा टिचकी मारली की उघडतो. पण सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये त्याचा शॉर्टकट चालू करून ठेवा. मग आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र तीन सेकंद दाबून धरल्या की तो बंद होतो. हे आधी करून ठेवलं नाही तर पहिल्यांदा वापरणाऱ्याला फोन बिघडला असंच वाटतं.